कुलपातली विहीर

हरेल त्याने डोक्यावर हंडा घ्यायचा आणि जिंकणाऱ्याच्या घरी पाणी भरायचं. चुंबळ ठेवून, बायका भरतात तसं रीतसर. आणि तेही सकाळच्या उजेडात, दोन्ही चाळी गॅलरीत लटकलेल्या असताना.

अशी पैज माझी आणि नाना परबांची इराण्याच्या हॉटेलात लागली. टाळी दिली तेव्हा नानांच्या बशीतला चहा माझ्या लेंग्यावर सांडला. मी तो शुभशकुन धरला.

पैज कशावर? तर नानांच्या विहिरीतलं पाणी आणि आमच्या विहिरीतलं पाणी एकच, की वेगवेगळं. हसू नका. समितीचे दिवस होते. परळमध्ये उठता-बसता एकच घोष, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. मी आणि नाना एकाच गिरणीत, मी रंगखात्यात, ते साच्यावर, म्हणजे मागावर. मोर्च्यात शेजारी शेजारी. एकदा तर पोलिसाची लाठी आधी त्यांच्या पाठीवर पडली आणि परत जाताना माझ्या. एवढी दोस्ती. पण मोर्चा संपला की नाना त्यांच्या चाळीत, मी माझ्या. मध्ये फक्त एक बोळ. बोळाच्या वरच्या अंगाला त्यांची विहीर, खालच्या अंगाला आमची. इराण्याकडे नाना माझ्या बशीतली खारी उचलून खातील, पण आमच्या चाळीत आले की उंबऱ्याबाहेर उभं राहून हाक मारतील, "भिवा, असंस काय रे?" आम्ही दीक्षा घेऊन बौद्ध झालो. नाना होते तिथेच राहिले.

यात पैजेचं काय, तर आमची विहीर बुजणार होती. बातमी आणली सुंदराबाईनं, म्हणजे आमच्या मंडळींनी.

"अवो, ऐकलं का? मालकाला मोटारींसाठी शेड घालायचीय. दोनातली एक हिर बुजवनार. त्याच्या मेहतानं नानांना इचारलं, कुठली बुजवू? आन तुमच्या त्या जिगरी नानांनी आपली दावली."

"आपली? का?"

"ते त्यांनाच इचारा. रस्त्यावरचा नळ तर मुंगी मुतावी तसा मुततो. हिर गेली तर मी काय करू? तिथं रोज झिंज्या उपटत बसू? त्यापेक्षा तुम्हांलाच बुजवते त्या हिरीत."

दोन्ही चाळींचा मालक एकच, आणि तो नानांचा शब्द मानायचा, कारण दोन्ही चाळींतली भांडणं नानाच मिटवायचे. तेव्हा मी तडक इराण्याकडे गेलो.

"नाना, आमचीच विहीर काय म्हणून?"

"अरे एक तर जाणारच. मग वाईट ती जाऊ दे. तुमचं पाणी म्हणजे गटाराचा पाझर. आमचा झरा वेगळा. जिवंत! आसरांचा झरा तो."

नानांच्या विहिरीच्या कठड्याला आतल्या बाजूनं एक कोनाडा होता. त्यात शेंदूर फासलेले सात दगड. पाण्याच्या देवता, साती आसरा. नानांच्या मते त्या खास मालवणाहून त्यांच्या चाळीसाठी आल्या होत्या.

"नाना, मध्ये बोळ आहे हो. एक म्हैस आडवी उभी राहिली तर बंद होतो एवढा बोळ. खाली पाणी एकच असणार."

"नाय."

"मुंबई आणि महाराष्ट्र एक, म्हणून आपण लाठ्या खाल्ल्या. आणि बोळापलीकडचं पाणी परकं?"

गल्ल्यावरचा इराणी फिस्सकन हसला. तिथंच नाना पेटले आणि पैज लागली. मी जिंकलो, तर नाना मालकाला सांगणार की आमची विहीर बुजवायची नाही. हरलो, तर मी गप्प बसायचं. मुदत अक्षय्य तृतीया, कारण त्याच दिवशी भरावाच्या गाड्या येणार होत्या. वर नानांनी एक कलम घुसवलं, की मी हरलो तर वर्षभर कुणाची टवाळी करायची नाही. हंड्याला मी भीत नव्हतो. भीती वाटली ती या कलमाची.

बरं, जमिनीखालचं पाणी एक की दोन, हे बघायचं कसं? त्यासाठी माझ्या डोक्यात पद्मजाबाई होत्या.

या बाई ठाकूरद्वारच्या. कॉलेजात संशोधन करायच्या. परळ, लालबाग, दादर, जिथं विहीर दिसेल तिथं फितीला पितळेचं वजन बांधून आत सोडायच्या. पाणी किती खोल, खारं की गोडं, सगळं बघायच्या. मुंबईत पडणारा पाऊस जातो कुठे, आणि भराव टाकून बुजवलेले जुने ओढे चाळींच्या खालून अजून वाहतात का, हा त्यांचा अभ्यास. आमच्या भागात मात्र लोकांना वाटायचं की त्या पोर्तुगिजांनी विहिरीत टाकलेलं सोनं शोधतायत. तसं मीच सांगितलं होतं सगळ्यांना. महिनाभर पुरुष मंडळी विहिरीत वाकून बघत होती.

"पद्मजाबाई, दोन विहिरींचं पाणी एक आहे का, सांगता येईल?"

"सहज. एकीत रंग टाकायचा आणि दुसरीत येतो का ते पाहायचं."

रंग! म्हणजे माझं खातं! "आज पाळी सुटली की पिंपभर आणतो गिरणीतून."

"अहो, ते विष! मी माझा आणते. अगदी थोडा पुरतो आणि पोटात गेला तरी अपाय होत नाही."

आता रंग कुठला, यावर बोळात सभा बसली. लाल म्हटलं तर अर्धे उठले, हा डाव्यांचा प्रचार म्हणून. भगवा म्हटलं तर उरलेले अर्धे. निळा, मी म्हटलं, तर नाना म्हणाले, "बरा चतुर हायस." शेवटी बाईंनी सांगितलं की त्यांच्याकडे एकच रंग आहे, हिरवा. त्या सभेत हिरवा कुणालाच नको होता, म्हणून सगळ्यांना चालला. समितीचे उमेदवार असेच ठरायचे.

"मात्र एक," बाई म्हणाल्या. "पाणी कुठून कुठे वाहतं, हे मला अजून कळलेलं नाही. त्यामुळे आधी एका विहिरीत टाकू, मग दुसरीत."

"आमच्या आसरांच्या पाण्यात रंग? मुडदो पडलो तरी नाय!" नाना संतापले की शुद्ध मालवणी बोलायचे.

"मग आमच्यात टाका," मी छाती पुढे काढून म्हणालो. "आम्हाला काय, बारा महिने शिमगा."

शिमग्याचं नाव काढलं आणि नानांचा हात दातांवर गेला. मागच्या शिमग्याला मी त्यांच्या राखुंडीत गिरणीचा जांभळा रंग मिसळला होता. समितीच्या कोपरा सभांत नाना आठवडाभर तोंडावर उपरणं धरून बोलत होते. ते आठवून त्यांनी लगेच अट घातली, भिवा आमच्या विहिरीच्या आसपास दिसता कामा नये. पहाऱ्याला त्यांचा पुतण्या लवू. तीस वर्षांचा बाप्या, गिरणीत बदलीवर, त्यामुळे बहुतेक वेळ रिकामा.

त्या दिवसापासून लवू माझी सावली झाला.

"खय चललंस?"

"संडासात."

"मी येतंय."

"आत पण?"

"भायर थांबतंय. गाणा म्हणत ऱ्हव, म्हंजे माका कळात तू आत असंस."

तुम्हाला सांगतो, समितीची सगळी गाणी माझी त्या काळात पाठ झाली. लवू गिरणीच्या फाटकापर्यंत सोडायला यायचा आणि पाळी सुटली की न्यायला. आमच्या खात्याचा मुकादम, जोबर, विचारायचा, "काय भिवा, सासुरवाडीचा माणूस का?"

रविवारी पद्मजाबाईंनी घरूनच पाण्यात कालवून आणलेली बाटली आमच्या विहिरीत ओतली. काय तो हिरवा! पोपटाची पिसं वितळवून ओतावीत तसा. बायकांनी आधी कौतुक केलं आणि धोतरं-साड्या वाळत घातल्यावर शिव्या द्यायला सुरुवात केली. सगळी चाळ हिरवी फडफडत होती.

आणि नानांची विहीर? काचेसारखी स्वच्छ. रोज सकाळी नाना एक बादली काढायचे आणि आरतीचं ताट फिरवावं तशी चाळभर दाखवत फिरायचे. "बघा. हाय काय हिरवं? मी काय सांगितलं होतं?" आठवडा गेला. आमची विहीर हळूहळू निवळली, नानांची जशीच्या तशी.

मी कपाळाला हात लावून बसलो होतो आणि पद्मजाबाई मात्र खूश!

"अहो भिवाजी, विहीर निवळली म्हणजे रंग कुठेतरी वाहून गेला. इथून पाणी हिंदमाताच्या बाजूला उतरतंय, तिकडे खोलगट आहे ना. म्हणजे येतंय वरच्या अंगाने, नानांच्या बाजूने. जुना ओढा असणार. आपण रंग खाली टाकला आणि वर शोधत बसलो."

म्हणजे मी पाण्याला जिना चढायला लावला होता. वर छाती काढून.

"मग आता नानांच्या विहिरीत टाका!"

"त्यांनी परवानगी दिली तरच."

आणि परवानगी कशी मिळणार? बाईंकडे रंगाची एक कोरडी पुडी उरली होती. ती त्यांनी नानांच्या बायकोकडे, राधाबाईंकडे दिली. नाना तेव्हा पाळीवर होते. "वहिनी, नानांना जरा समजवा. ते हो म्हणाले की मी येऊन टाकेन. तोवर पुडी तुमच्याकडे राहू दे."

"माझ्याकडे ठेवा की," मी म्हणालो.

"तुमच्याकडे ठेवली तर उद्या सगळं परळ हिरवं होईल."

लवूनं मान डोलावली. पहारेकऱ्याला मतही असतं, हे मला तेव्हा कळलं.

राधाबाईंनी पुडी ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी त्या गिरगावात लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. नानांना समजवायचं राहूनच गेलं.

शुक्रवारी नानांनी जिंकल्याचं नक्की धरून आसरांची पूजा घातली. आमच्या गॅलरीतून दिसत होतं. तिन्हीसांजेला एकटेच कठड्याशी वाकून, दगडांना शेंदूर फासतायत, वर कळशीनं अभिषेक करतायत, तोंडानं गाऱ्हाणं घालतायत, "बाये म्हाराजा, भिवाच्या डोक्यार हंडो दिसां दे." मग झाकण लावून त्यांनी कुलूप घातलं. किल्ली करगोट्याला बांधली. माझ्याकडे बघत कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि जाहीर केलं, "आता अक्षय्य तृतीयेलाच उघडणार. शेवटच्या घटकेला भिवा काय करील त्याचा भरवसा नाय."

आता त्यांच्याच चाळीतल्या बायकांना पाणी नाही. त्या सगळ्या हंडे घेऊन रस्त्यावरच्या नळावर आल्या आणि नानांना ज्या शिव्या दिल्या, त्या मी ऐकून पाठ केल्या. नळावर एवढी गर्दी म्हटल्यावर आमच्या बायका नळ सोडून विहिरीवर तुटून पडल्या. दिवसभर रहाटाची कुरकुर.

अक्षय्य तृतीया उजाडली. दोन्ही चाळी गॅलरीत. बोळाच्या तोंडाशी इराण्याचा पोऱ्या चहा विकतोय. पद्मजाबाई आल्या होत्या, राधाबाई सणाला म्हणून पहाटेच परतल्या होत्या. नाना धुतलेलं धोतर नेसून, पाटावर बसल्यासारखे त्यांच्या पायरीवर.

"चल भिवा. भर हंडा. तुमच्याच विहिरीतून आण."

"आणतो. पण नाना, आमचं गटाराचं पाणी घेऊन तुम्ही करणार काय?"

"मोरी धुवीन."

गॅलऱ्या हसल्या. सुंदरा चुंबळ वळत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते माझ्या हंड्यासाठी नव्हतं, ते मला माहीत होतं. बोळाबाहेर भरावाची पहिली बैलगाडी येऊन उभी राहिली होती आणि मालकाचा मेहता छत्री टेकून बघत होता.

मी रहाटाला बादली सोडली. ओढली. वर आली.

बादलीत पोपट वितळला होता.

मी बादलीकडे बघतोय, लवू माझ्याकडे बघतोय. सुंदरा ओरडली, "अगं बया! पुन्हा हिरवं!"

नाना पायरीवरून उडालेच. "चोर! बदमाश! ह्यानंच टाकलंन! रात्री टाकलंन!"

"नाना, काय बोलता?"

"लवू! खय होतंस तू? झोपलेलंस?"

आणि इथं तुम्हाला सांगतो, माझ्या आयुष्यात माझ्या बाजूनं साक्ष देणारा पहिला माणूस उभा राहिला. लवू छातीवर हात ठेवून म्हणाला, "काका, आई शप्पथ. ह्यो माझ्या नजरेआड एक क्षण नाय. संडासात पन गाणा म्हणतां. काल रात्री घोरता काय नाय ता बघूक मी ह्याच्या दारात झोपलंय."

"रंग आणला कुठून मी?" मी म्हणालो. "बाईंनी मला चिमूटभर दिला नाही. पुडी तुमच्याच घरात आहे!"

"माझ्या घरात? कसली पुडी?"

तेव्हा राधाबाई पुढे आल्या. "अहो, त्या बाईंची रंगाची. मी देव्हाऱ्यात ठेवली होती, तिथं कुणी हात लावत नाही म्हणून. मघापासून शोधतेय, सापडत नाही."

नानांचा चेहरा मी अजून विसरलो नाही.

"देव्हाऱ्यातली... कागदाची... ती शेंदराची पुडी?"

"शेंदूर डबीत असतो, पुडीत कशाला असेल?"

"पण ती शेंदरीच होती गो! लालभडक शेंदरी!"

पद्मजाबाईंनी तोंडावर पदर धरला. हसू आवरेना. "नाना, ती पूड कोरडी असताना शेंदरीच दिसते. पाणी लागलं की हिरवी होते."

"किल्ली," सुंदरा म्हणाली.

नानांनी करगोट्याची किल्ली काढून लवूच्या हातात दिली आणि त्यानं कुलूप उघडलं. झाकण उचललं. आत बघितलं तर काय! सातही आसरा तोंडावरून हिरवे ओघळ घेऊन बसलेल्या, पान खाऊन पिंक टाकावी तशा, आणि खाली विहीर अशी हिरवीगार, की आमची बादली तिच्यापुढे फिकी. नानांनी तेलात कालवून फासली होती, वर कळश्यांनी अभिषेक केला होता. सगळं वाहून थेट झऱ्यात. आणि झऱ्यातून बोळाखालून आमच्याकडे.

"तरी इतक्या लवकर कसं आलं?" बाई स्वतःशीच म्हणाल्या, मग त्यांनी आमच्या बायकांकडे पाहिलं. "उपसा! नानांनी कुलूप लावलं, तुम्ही खाली भरमसाट उपसलंत, म्हणून तिकडचं पाणी इकडे ओढलं गेलं."

म्हणजे रंग टाकला नानांनी, खाली ओढायला लावला नानांनी, आणि मी काही केलं नाही याला साक्षीदार ठेवला तोही नानांनी. माझ्या टवाळीच्या धंद्यात इतकं बिनचूक काम मला कधी जमलं नव्हतं. मला थोडा हेवाच वाटला.

सुंदरा मात्र भलत्याच विचारात होती. कमरेवर हात ठेवून तिनं नानांच्या चाळीकडे वर बघितलं.

"थांबा. पानी तुमच्याकडून आमच्याकडं येतं, आमच्याकडून तुमच्याकडं नाय जात. म्हंजे तुम्ही विहिरीवर अंघोळ करायची, धोतरं पिळायची, आन ते पाझरून आमच्या हंड्यात? गटार कुनाचं मग?"

आमच्या गॅलरीतून एक आरोळी उठली. नानांच्या गॅलरीतल्या बायकाही हसल्या. कुलपाचा राग त्यांच्या मनात होताच.

"अहो," राधाबाई हळूच म्हणाल्या, "गाडी निघाली बघा."

खरंच. मेहताला आसरांशी काय देणंघेणं? त्यानं हात केला होता, आणि बैल आमच्या विहिरीकडे निघाले होते.

नानांनी सुंदराच्या हातातली चुंबळ ओढून घेतली. डोक्यावर ठेवली. तिचाच हंडा घेतला, आपल्या विहिरीवर नेला, हिरव्या पाण्यानं काठोकाठ भरला. लवूनं उचलून दिला. मान इकडे, हंडा तिकडे, धोतर तिसरीकडे.

"मान ताठ, नाना!" गॅलरीतून एक बाई.

"कंबर हलवू नका, पानी सांडतं!"

"एक हात कमरंवर घ्या, शोभतो!"

नाना तसेच डुलत बोळात आले आणि बैलांच्या तोंडासमोर उभे राहिले. धोतरावर हिरवे पट्टे उतरत होते.

"मेहता, गाडी मागे घे."

"पण नाना, तुम्हीच तो बोल्या होता की ही खराब विहीर..."

"मी बोललो होतो ते चुकीचं. ही आमचीच विहीर आसा. तोंड फक्त हिकडे हा. बुजवशीत तर माझा झरा तुंबात. मालकाक सांग, शेड दुसरीकडे घाल, नायतर दोन्ही चाळी त्याच्या दारात मोर्चा नेतील. सांग, झालीच पाहिजे म्हणून, विहीर!"

आता असल्या घोषणेला परळमध्ये कोण गप्प बसणार? दोन्ही गॅलऱ्यांतून एकदम, "झालीच पाहिजे!" बैल बिथरले, गाडी आपोआप मागे गेली. मेहता छत्री घेऊन तिच्यामागे पळाला.

नाना हंडा घेऊन आमचे जिने चढले. मी पुढे पुढे, "सांभाळून, पायरी तुटकी आहे, इथं कुत्रं झोपतं," असं उगाचच सांगत. लवू मागे, सवयीनं. आमच्या दाराशी आल्यावर नाना नेहमीसारखे उंबऱ्याबाहेर थबकले. पण डोक्यावर हंडा घेऊन बाहेर किती वेळ उभं राहणार? हंडा डुलायला लागला आणि पाय आत टाकावाच लागला. सुंदरानं हंडा उतरवून पिंपात रिकामा केला. पिंपाचं बूड जेमतेम हिरवं झालं.

नाना तिथंच भिंतीला टेकून बसले. सगळा जिना, सगळी गॅलरी दारात दाटलेली. त्यांनी मान चोळली, माझ्याकडे बघितलं, मग चुलीकडे.

"सुंदरा," ते म्हणाले, "जरा चहा टाक गो. घसो सुकलो."

टवाळी न करायचं कलम मला लागू नव्हतं, तरी मी टवाळी सोडून चुलीत फुंकर घालायला बसलो.

सुंदरानं चुलीवर पातेलं चढवलं. आत बघितलं. मग रिकामा हंडा उचलून नानांच्या पुढ्यात ठेवला आणि वर चुंबळ ठेवली.

"टाकते की. पन च्याला पानी लागतं, नाना. आन या खेपंला नळाचं आना. हिरवा च्या मी पीत नाय."

नाना उठले. खाली नळावर त्यांच्याच चाळीतल्या बायकांची ही लांब रांग लागली होती.